बरणीतली भूक

साखरेने माझ्या बायकोचे, मंजुलाचे, डोळे जायची वेळ आली, म्हणून सुरतला जठर लहान करायचं ऑपरेशन केलं. नंतर डॉ. दवेंनी काढलेला जठराचा तुकडा, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, बरणीत घालून नातेवाइकांना दाखवायला आणला.

“काका, बेंबीतल्या एकाच छेदातून काढलाय. काकींची भूक आता या बरणीत!”

तेवढ्यात मेहुणीने थेपल्यांचा डबा उघडला. बरणीतून गुरगुर ऐकू आली.

“जीजाजी, तुमचंच पोट बोललं!” ती हसली. असेलही, असं मला वाटलं.

बरणी तपासणीसाठी खाली लॅबमध्ये गेली. संध्याकाळी मंजुला शुद्धीवर आली.

“भूक लागलीय हो.”

“पोटात?” मी घाबरून विचारलं.

“पोटात नाही.” तिने बंद दाराकडे बोट केलं. “तिथे.”

दाराबाहेरून तीच बरणीतली गुरगुर आली. मी मांडीवरच्या थेपल्यांच्या डब्याचं झाकण घट्ट दाबलं. गुरगुर थांबली नाही.