डाव्या हाताची काच

"बाई, आकडा हलला! लवकर या!"

डावखुरीचा आवाज अख्ख्या मजल्यावर घुमला. प्रयोगशाळेत तिला सगळे याच नावाने हाक मारत. बाई, म्हणजे तिच्या मार्गदर्शक, रोज टोकत, "चिमटा उजव्या हातात धर गं." इथला पेटीपासून स्टँडपर्यंतचा सगळा थाट उजव्यांसाठीच मांडलेला होता.

बाई धावत आल्या. काळ्या पडद्याआड लेसरचा लाल किरण एका काचेवर पडत होता. काचेवर लोखंडाचा थर, केसापेक्षा हजारो पटींनी पातळ. त्या लालातून डोळ्यांना दिसणारही नाही इतका मंद निळा प्रकाश निघे. जवळचं चुंबक फिरवलं की तो कमीजास्त होतो, एवढंच तिला दाखवायचं होतं. पण इतके महिने तो निळा ढिम्म हलला नव्हता. आज संध्याकाळी लेसर शेजारच्या गटाकडे जाणार होता आणि तिचं संशोधन गुंडाळलं जाणार होतं.

तिने चुंबक फिरवलं. संगणकावरचा निळ्या प्रकाशाचा आकडा झरझर चढला. उलटं फिरवलं. घसरला. तिला नाचावंसं वाटत होतं.

"थर नसलेली नुसती काच लावून पाहिलीस?" बाईंनी विचारलं.

"पाहिली. ती चुंबकाला दादच देत नाही."

बाईंनी लेसर बंद केला आणि वाकून काच निरखली. "अगं, ही उलटी लावलीयेस. थर मागे गेलाय."

तिचा चेहरा उतरला. सकाळच्या घाईत चिमटा डाव्या हातात आला होता. मनगट भलतीकडे वळलं आणि थराने लेसरकडे पाठ केली. हातातोंडाशी आलेला घास गेला.

"चुकलं, बाई. आत्ता सरळ करते."

"हात लावू नकोस!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "थराची वरची बाजू हवेला उघडी असते, तिला गंज चढतो. कोरं लोखंड खाली, काचेला चिकटून बसलेलं; आज किरण काचेतून थेट त्याच्यावर पडला. आणि आपण इतके महिने गंजालाच प्रश्न विचारत होतो गं!"

त्यांनी फोन उचलला आणि लेसर मिळणार नाही असं शेजाऱ्यांना ठणकावलं. मग काचांची अख्खी पेटी तिच्यापुढे सरकवली. तिने धाकाने चिमटा उजव्या हातात घेतला.

"तो नाही," बाई म्हणाल्या. "डावा."