कलकत्त्याची लाइन

सावनेरच्या बगीच्यात बापूजी गावंडे पोचले, तेव्हा रुपरावचा माणूस इसार देऊन, वर चहा पिऊन निघूनही गेला होता.

"सकाळीच सौदा झाला जी," बगीचावाला ओशाळून म्हणाला. "तुम्ही काल आले असते तं..."

काल कसे येणार? काल संध्याकाळी तर त्यांनी कलकत्त्याच्या आडत्याला ट्रंककॉल लावून संत्र्याचा भाव घेतला होता आणि उद्या सावनेरचा बगीचा उचलतो म्हणून कळवलं होतं. पारशिवनीतही असंच झालं होतं. बापूजींनी भाव घ्यावा, बगीचा ठरवावा आणि सकाळी त्याच बाजारातल्या रुपरावनं तो गिळावा, असा सगळा बहार चालला होता.

नागपूरला परतताना बसमध्ये त्यांचं डोकं तापलं होतं. ही बातमी फुटते कुठून? फोनच्या वेळी ते मुनीमजींना चहा सांगायला पिटाळत. दुकानाचं दार स्वतः लावून घेत. कलकत्त्याचा आडत्या फुटावा, तर नुकसान त्याचंही होतं. मग मधे उरलं ते ट्रंक एक्स्चेंज. आणि तिथं बसत होती गोपिका.

हे नाव मनात येताच बापूजींना स्वतःचीच लाज वाटली. गोपिका त्यांच्या जिवलग मित्राची, गोविंदाची मुलगी. गोविंदा गेला तेव्हा ती एवढीशी होती. बापूजींनी तिला घरी आणलं, शिकवलं, ओळखीपाळखी काढून ऑपरेटरची नोकरी मिळवून दिली. अजून कच्ची होती, पण दिवाळीपर्यंत पक्की होणार होती. कॉल ते मुद्दाम तिच्याच पाळीत बुक करत, कारण तो लवकर लागे. आपल्या पोरीच्या आवाजात "बोला काका, कलकत्ता" ऐकताना त्यांची छाती फुगायची.

रात्री जेवताना बायकोनं, भागीरथाबाईंनी, त्यांच्यासमोर मीठ घातलेलं कोमट पाणी ठेवलं. ट्रंककॉलच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा घसा बसलेला असे. गोपिका समोरच जेवत होती. बगीचा गेल्याचं तिला कळलं होतं.

"काका, एक सांगू?" ती जरा अडखळत म्हणाली. "तुम्ही फोनवर हळू बोलत जा नं. कलकत्त्याले ऐकू जाते."

बापूजींचा घास हातातच राहिला.

"तुले काय माहीत, मी कसा बोलतो?"

"लाइन लागली का नाही, ते पाहाच लागते काका. कानाले लावाच लागते."

"म्हणजे ऐकते तू."

"तसं नाही..."

"रुपरावनं काय देल्लं वं तुले?"

भागीरथाबाई मधे पडल्या. "काय बोलून राहिले तुम्ही? पोरीले!"

गोपिका रडली नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, तुम्हाले खरंच असं वाटते?"

शपथा घेतल्या असत्या, आकांत केला असता, तर बापूजी कदाचित विरघळलेही असते. तिचा तो शांतपणाच त्यांना कबुलीसारखा वाटला. पोटच्या पोरीसारखी वाढवली आणि तिनंच आपला गळा कापला, या विचारानं त्यांना रात्रभर डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ते एक्स्चेंजच्या साहेबांना भेटले. मुलगी लोकांचे फोन ऐकते, एवढंच म्हणाले. कच्च्या नोकरीला त्याहून जास्त काही लागत नाही. आठवड्याच्या आत गोपिकाची पेटी भरली गेली. पारशिवनीच्या मामाकडे निघताना ती पाया पडायला वाकली, तेव्हा बापूजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यानंतर शहरभर खोदकाम सुरू झालं. सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत रस्ते उखडले, लोकांनी खड्ड्यांच्या नावानं बोटं मोडली आणि नव्या केबली जमिनीखाली गेल्या. आता कलकत्त्याला थेट डायल होणार होतं. मधे ऑपरेटर नाही की कोणी नाही.

बापूजींनी पहिल्यांदा नंबर फिरवला, तेव्हा आडत्या शेजारी बसून खोकल्यासारखा वाटला. ते तक्क्याला टेकले आणि घरात पान मागावं तसे निवांत बोलले.

त्या बहारात एकही बगीचा हातचा गेला नाही. रुपरावचा माणूस कुठं दिसलाच नाही.

"पाहिलं?" बापूजी बायकोला म्हणाले. "मधली गेली अन् चोरी बंद झाली. अजून काय पायजे?"

भागीरथाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मामानं तिचं लग्न लावून देल्लं," त्या म्हणाल्या. "बिजवर आहे. तिच्याएवढ्या पोरी आहेत त्याले. नोकरी गेलेल्या पोरीले दुसरं कोण करते म्हणे."

"आपल्याले काय करायचं," बापूजी म्हणाले आणि उठून बाहेर गेले. पण वाईट वाटलंच. वाईट वाटतं याचा रागही आला.

बहार संपता संपता बाजारातल्या चहाच्या टपरीवर रुपराव भेटला. त्याचं दुकान बापूजींच्याच गल्लीत, चार दुकानं सोडून होतं. बापूजींना राहवलं नाही.

"काहून रुपराव, यंदा सावनेरले दिसले नाही? खबर देणारी गेली वाटते!"

"कोण खबर देणारी?" रुपरावनं कपातून तोंड काढलं. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं. मग तो हसला.

"काय सांगू बापूजी, तुमची ती नवी लाइन आली अन् माझा धंदाच बसला. आधी तुम्ही दार लावून कलकत्त्याशी ओरडाले लागले का मी आपला ओट्यावर येऊन बसत होतो. अर्ध्या गल्लीले भाव पाठ राहत होता."