रडू कमी पडतंय

“थांबा, थांबा. रडू थोडं कमी पडतंय,” वादळ म्हणाला.

काचेपलीकडे माइकसमोर उभी असलेली लाँड्रीतली ताई गप्प झाली. काचेअलीकडे रेकॉर्डिस्टबाईंनी बटण दाबून ध्वनिमुद्रण थांबवलं आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. पंचवीस वर्षं त्या माणसांचे आवाज टिपत आल्या होत्या. बेसूर गाणारे पाहिले, ताल सोडून पळणारे पाहिले. पण मापानं रडू मागणारा हा पहिलाच.

वादळ म्हणजे शहरातला सगळ्यात मोठा रॅपर. भर दुपारी, बंद खोलीत डोळ्यांवर काळा चष्मा. सोबत मॅनेजर, कॅमेरावाला, आणखी दोघं नुसतेच मान हलवणारे, आणि एक खास इसम स्वारीची पाण्याची बाटली धरायला. बाटलीही स्वतः धरवत नाही म्हणे, आणि निघालेत साखळदंड तोडायला!

गाणं दोघांचं होतं. विषय भारी होता : मनाची मुक्ती, व्यसनातून सुटका, नवा जन्म. ताई लाँड्रीत इस्त्री करायची. तीन वर्षांपूर्वी तिनं दारू सोडली होती. व्यसनमुक्ती केंद्रातल्या बैठकीत तिनं म्हटलेलं एक रॅप कुणीतरी मोबाइलवर टिपलं, ते फिरत फिरत वादळच्या कानी पडलं, आणि स्वारी थेट लाँड्रीच्या दारात हजर झाली.

आज येताना त्यानं तिचं कडवंही स्वतःच लिहून आणलं होतं. त्यात राख होती, ज्वाला होती, झेपावणारा गरुड होता. ताईनं ते दोनदा वाचलं, कागदाची रुमालासारखी कडक घडी घातली आणि परत दिला. “दादा, मी ज्वालाबिला कधी झालेच नाही. माझं मला म्हणू द्या.”

आणि तिनं म्हटलं ते असं :

“सहाला उठते, तोंड धुते, चहा पिते,
काल नाही प्यायले, आज नाही पीत, उद्याचं उद्या बघते.
हात कापायचे, आता सुई ओवते,
लेक फोन उचलत नाही, तरी रोज लावते.”

इथंच त्याला रडू कमी पडलं होतं.

“ताई, यात स्फोट कुठंय?” वादळनं विचारलं. “लोकांना जखम दाखवावी लागते.”

“जखम भरली की दाखवायला काही उरत नाही, दादा. त्यालाच बरं होणं म्हणतात.”

रेकॉर्डिस्टबाईंना टाळी वाजवावीशी वाटली. मान हलवणारे दोघं मात्र चुकून तिच्याच बोलण्यावर मान हलवून बसले आणि मॅनेजरनं डोळे वटारले.

मग वादळची पाळी आली. त्याच्या वाट्याला ध्रुपद होतं, आणि त्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा यायचा : मोकळा. मी मोकळा, मी मोकळा. पहिल्या खेपेला त्या शब्दावर त्याचा आवाज चिरकला. दुसऱ्या खेपेला श्वास तुटला. सातव्या खेपेला तो नुसताच उभा राहिला, आणि बीट आपली त्याच्याशिवाय वाजत राहिली. रियाज नावाची गोष्ट माहीत असेल तर ना, बाईंनी मनात म्हटलं. नाचता येईना, अंगण वाकडं. कारण त्यानं लगेच एसीला दोष दिला. हात गारठलेत म्हणाला आणि खिशात घातले.

दर दोन खेपांच्या मधे तो काचेअलीकडे येऊन ताईकडे वळायचा. पहिले तीन दिवस कसे गेले? झोप लागत होती? घाम किती दिवस येत राहतो? खोलीला बाहेरून कुलूप लावतात का? ताई शांतपणे सांगत राहिली, आणि कॅमेरावाला तिच्या तोंडासमोर कॅमेरा धरून बसला.

शेवटी बाईंच्यानं राहवलं नाही. त्या कान झाकणारे हेडफोन बाजूला सरकवून म्हणाल्या, “वादळसाहेब, बिचारीचं दुःख खरवडून खरवडून आणखी किती काढणार? पातेल्याला भोक पडेल आता.”

मॅनेजर तावातावानं उठला. पण वादळनं त्याला हातानंच थांबवलं. “तुम्ही सगळे खाली जा,” तो म्हणाला. “कॅमेरापण घेऊन जा.”

सगळे गेले. लागलं लेकाला, बाईंना वाटलं. लागू दे. दाराआडून आता माफीचं नाटक होईल, आणि उद्या त्याचाही व्हिडिओ निघेल. तो काचेपलीकडच्या खोलीत गेला. ताई तिथं ठेवलेली आपली पिशवी आवरायला आधीच आत गेली होती. त्यानं दार ओढून घेतलं आणि चष्मा काढला. डोळे सुजलेले होते, कित्येक रात्री न मिटलेल्या डोळ्यांसारखे.

आतला माइक चालूच आहे, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. बाईंच्या ते ध्यानात आलं. बंद करायला त्यांनी हात पुढे केला, आणि तेवढ्यात हेडफोनमधून त्याचा आवाज आला. त्या आवाजाखाली बीट नव्हती.

“ताई, तुमच्या त्या केंद्रात भरती व्हायला घरच्या माणसाची सही लागते. मी दोनदा दारातून परत आलोय. माझ्यासाठी तुम्ही कराल?”