शांत ब्रश नको

“हा अगदी शांत आहे,” दुकानातली पर्निला म्हणाली. “शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असेल ना, तर त्याला पत्तासुद्धा लागणार नाही.”

“शेजारच्या खोलीत कुणी नसतं,” सिक्स्तेन म्हणाला. त्यानं ब्रश जागेवर ठेवला. “दुसरा दाखव.”

इल्वानं घड्याळाकडे पाहिलं. दात घासायच्या विजेच्या ब्रशांची अख्खी भिंत वडिलांनी जवळजवळ नाकारून झाली होती. हा गुळगुळीत. तो फार नाजूक. आणि जो शांत, तो तर हातात घेतल्या घेतल्या खाली.

ती वडिलांच्या दातांसाठीच गोटेबोर्गहून आली होती. काल दातांच्या दवाखान्यातल्या बाईंनी सिक्स्तेनच्या हातात आरसा दिला होता.

“बघा, हिरड्या किती मागे सरकल्यात. इतका जोर लावून घासतं का कुणी? या पुढच्या दाताचं मूळ उघडं पडलंय. असंच चाललं तर तो हलायला लागेल. गेलेली हिरडी काही परत येत नाही. आहे ती सांभाळायची.” मग त्यांनी संगणकावर जुने फोटो पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. “दोन वर्षांपूर्वी तर सगळं छान होतं. मध्ये काय झालं?”

“काही नाही,” सिक्स्तेन म्हणाला.

इल्वा खिडकीबाहेर बघत राहिली. आई गेल्या मार्चमध्ये गेली होती. पण त्याचा हिरड्यांशी काय संबंध?

नाताळात तिनं वडिलांना एक महागडा, मुका ब्रश पाठवला होता. तो अजून खोक्यातच होता. उद्या सकाळी तिची गाडी होती. आज ब्रश ठरला नाही, तर हा माणूस साध्या ब्रशानंच घासत बसणार, आणि पुढच्या वेळी ती येईल तेव्हा तो दात जागेवर असेलच असं नाही.

“खरं सांगू का, मला हसूच येतंय,” पर्निला म्हणाली. “गुन्वोरमावशींच्या घरात दातांची तक्रार!”

या हेर्नोसांद गावात पर्निलाच्या वयाच्या प्रत्येकाच्या तोंडात इल्वाच्या आईनं, गुन्वोरनं, फ्लोराइडचं पाणी घातलं होतं. ती शाळाशाळांतून ट्रे घेऊन फिरायची आणि मुलांकडून गुळण्या करवून घ्यायची.

“गाल फुगवून उभे राहायचो आम्ही,” पर्निला म्हणाली. “मावशी ‘थुंका’ म्हणेपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.”

“माझ्या तर घरी रोज यायचं,” सिक्स्तेन म्हणाला. त्यानं खिशातल्या पुडीतून खारट काळी गोळी काढून तोंडात टाकली. इल्वानं पाहिलं तसा तो म्हणाला, “आज शनिवार आहे. शनिवारी गोळ्या चालतात, तिचाच नियम.”

“मी काही बोलले का?”

“नाही. तेच तर.”

पर्निला वाकली आणि अगदी खालच्या फळीवरून एक जाडजूड ब्रश काढला. “हा मी तुम्हाला दाखवणारच नव्हते. लोक परत आणून देतात. जरा जोर दिला की लाल दिवा लावतो, गुरगुरतो आणि बंद पडतो. हलका हात केल्याशिवाय पुन्हा चालत नाही.”

सिक्स्तेननं ब्रश सुरू केला आणि अंगठ्याच्या नखावर दाबला. दरवर्षी मे महिन्यात होडी उलटी करून तिचा तळ खरवडायचा, तसा दाबला. ब्रश गुरगुरला. लाल दिवा लागला. सिक्स्तेननं तो पुन्हा दाबला. ब्रश पुन्हा गुरगुरला.

मग सिक्स्तेन हसला. पोटातून, खांदे हलवत. पलीकडे धुलाई यंत्रं बघत असलेलं जोडपं वळून पाहू लागलं. हे हसू इल्वानं वर्षभर ऐकलं नव्हतं.

“हाच,” तो म्हणाला.

“बाबा, अरे केवढा आवाज आहे त्याचा! आवाज करतो म्हणून तू फ्रिज बदललास.”

“फ्रिज नुसता बडबडायचा,” सिक्स्तेन म्हणाला. “हा मुद्द्याचं बोलतो.”

घरी परतल्यावर त्यानं हेरिंग मासे आणि बटाट्यांचं जेवण केलं, उरलेल्या गोळ्या इल्वाबरोबर वाटून खाल्ल्या आणि नवा ब्रश घेऊन न्हाणीघरात गेला. दार लावून घेतलं.

उन्हाळ्यात त्यानं एकट्यानं सगळ्या घराला रंग दिला होता. खिडक्या, कठडे, तळघराचं दारसुद्धा. फक्त न्हाणीघराचं दार जुनंच होतं. त्यावर छातीइतक्या उंचीवर एका जागी रंगाचा टवका उडून आतलं लाकूड दिसत होतं. रंग संपला का, असं इल्वानं कालच विचारलं होतं. “ते राहू दे,” एवढंच तो म्हणाला होता.

ती कॉफीचे कप घेऊन दारावरून चालली होती. आतला आवाज आधी हलका होता. मग जड झाला, आणखी जड झाला. पुन्हा होडीचा तळ. कप एका हातात घेऊन तिनं नकळत दुसरा हात उचलला. मुठीची बोटं बरोबर त्या टवक्यापाशी आली आणि ती थांबली.

इथंच. आई रोज रात्री इथंच अंगठीच्या बोटानं दार ठोकायची. ‘सिक्स्तेन! दात आहेत ते, होडी नाही!’

इल्वाचा हात तसाच वर राहिला. तिनं दार वाजवलं नाही. आत ब्रश गुरगुरला आणि बंद पडला.

“हो गं, हो!” फेसानं भरलेल्या तोंडानं सिक्स्तेन आतून ओरडला. “ऐकलं! हळूच घासतोय!”