माती घेईना

पांतेलीसची कुदळ लाकडाला लागली तेव्हा सकाळचे आठही वाजले नव्हते. ग्रीसमधल्या सामोस बेटावरच्या त्या गावात नळ दुरुस्त करायचा तोच आणि कबरी उकरायचाही तोच, त्यामुळे दोन्ही कामांत त्याला घाई असायची.

कडेला हिल्डे उभी होती, हातात अक्रोडाच्या लाकडाची पेटी धरून. पेटी जेमतेम तीन वीत लांब, वर नवऱ्याचं नाव कोरलेलं: फिर्मिन. शेजारीण स्तामातिया लाल वाईनची बाटली, परात आणि पांढरं फडकं घेऊन आली होती. दफनभूमी एवढीशी, त्यामुळे मेलेल्याला तिथे तीनच वर्षं जागा मिळायची. मग हाडं वर काढायची, वाईनने धुवायची, पेटीत भरायची आणि मागच्या खोलीतल्या फळीवर ठेवायची. हिल्डे मात्र पेटी फळीवर ठेवणार नव्हती. ती घेऊन शुक्रवारी विमानात बसणार होती.

निवृत्तीनंतर बेटावर येऊन राहायची हौस फिर्मिनची. बेल्जियममधलं घर विकलं त्याने, इथलं निवडलंही त्यानेच. ऊन आहे, समुद्र आहे, म्हातारपणी आणखी काय हवं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. हिल्डेला काय हवं ते विचारायचं राहूनच गेलं. अकरा वर्षं तिने काढली. मग तो गेला, आणि त्याला एकट्याला परक्या मातीत टाकून जायला तिचं मन होईना. तीन वर्षांनी काढतात, असं स्तामातियाने तेव्हा सांगितलं होतं. हिल्डेच्या हिशेबी तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. तिने कॅलेंडरवर खूण केली, नगरपालिकेचे शिक्के गोळा केले, तिकीट काढलं. राहतं घरही सोडलं. शनिवारी तिथे एक जर्मन जोडपं राहायला येणार होतं, घरबसल्या संगणकावर नोकरी करणारं. परवा दोघं घर बघायला आली तेव्हा गच्चीतून समुद्राकडे बघत तो तरुण म्हणाला, आता इथून हलायचं नाही. बायको हसली. हिल्डेने तिच्याकडे निरखून पाहिलं, पण ते हसू खरं की कसं, ते काही तिला कळलं नाही.

पांतेलीसने शवपेटीच्या झाकणाची एक फळी उचलली, आत डोकावला आणि फळी परत ठेवली.

"नाही झालं," तो म्हणाला.

हिल्डे खड्ड्याच्या आणखी जवळ सरकली.

"अजून तसेच आहेत, बाई. मातीने घेतलं नाही. चिकणमाती आहे इथली, होतं असं कधीकधी. पुन्हा झाकतो. दोन वर्षांनी बघू."

कागदावर आजची तारीख आहे, हिल्डे म्हणाली. कागद मला कशाला दाखवता, त्यांना दाखवा, असं म्हणत पांतेलीसने खड्ड्याकडे बोट केलं.

स्तामातियाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि हिल्डेला दंडाला धरून बाजूला नेलं.

"एक विचारू? रागावू नकोस हं. मागे राहिलेल्यांनी मनात काही धरून ठेवलं ना, की माती घेत नाही माणसाला. आमच्यात म्हणतात तसं. तुझं काही राहिलंय का गं त्याच्यावर?"

हिल्डेने हातातली पेटी खाली ठेवली.

"असलं तर सोडून दे. माफ केलं, एवढंच म्हणायचं. तीनदा."

असल्या गोष्टींवर हिल्डेचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणजे म्हणून टाकायलाही काही हरकत नव्हती. ती कबरीशी गेली, तिने तोंड उघडलं. पण गळ्याशी जे आलं ते माफीसारखं नव्हतं. तिला भयंकर राग आला होता. तीन वर्षं गिळलेला, त्याआधीची अकरा वर्षं गिळलेला. जिवंतपणी ज्याच्यासमोर ब्र काढला नाही, त्याच्यावर आता मेल्यावर राग काढायचा तरी कसा? ती तशीच मागे फिरली. म्हटलंस का, असं स्तामातियाने विचारलं आणि तिचा चेहरा बघून परातीत फडकं गुंडाळून ठेवलं.

तेवढ्यात मुलीचा, ग्रीतचा, फोन आला. तिकडे बेल्जियममध्ये आजी-आजोबांच्या कबरींशेजारची जागा तिने साफ करून घेतली होती, शुक्रवारी ती विमानतळावर गाडी घेऊन येणार होती. हिल्डेने दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं.

"मग तू एकटीच ये ना, आई," ग्रीत म्हणाली. "बाबांना राहू दे तिथे. त्यांना आवडतंच ते."

पांतेलीस फावड्याने माती लोटत होता. त्याला जागा व्हावी म्हणून हिल्डे दोन पावलं मागे सरकली.

"हे तू चौदा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतंस," ती म्हणाली.