खोडरबर

ठाकुर्लीच्या शाळेत घरच्यांच्या रक्तगटांचे तक्ते तपासताना बाई क्षिप्राच्या वहीपाशी थबकल्या. "आईचा ओ, बाबांचा ओ, आणि तुझा बी? असं होत नाही गं. दोघांचा ओ असला की मुलाचाही ओच. खोड ते." "बरोबर आहे, बाई. मी दत्तक आहे." सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघू लागला. क्षिप्राचे कान तापले, पण तिने मान खाली घातली नाही. बाईंनीच आवाज खाली आणला आणि तिच्या हातात खोडरबर कोंबला. "अगं, चारचौघांत कशाला सांगायचं? तुझ्या नावापुढे ओ लिही, म्हणजे तक्ता जुळेल." क्षिप्राने खोडरबर परत त्यांच्यापुढे ठेवला, कंपासपेटीतून पेन काढलं आणि पेन्सिलीच्या 'बी'वर शाईचा ठसठशीत 'बी' गिरवला. मग 'आई', 'बाबा' हे शब्दही तसेच गिरवले. "भारीच हट्टी आहेस गं!" बाई वैतागल्या. "हो," क्षिप्रा म्हणाली, "आईवर गेलेय."