डोळा लागला

यूपीएसचा प्लग पुन्हा पुन्हा उपटून तिने खात्री करून घेतली होती. वीज गेली की यूपीएस सर्व्हरला इशारा देणार, सर्व्हर चालू गणित जपून ठेवणार आणि मगच बंद होणार. महिनाभर चाललेलं ते गणित आज संपणार होतं, परवा प्रबंध द्यायचा होता. म्हणून दुपारी ती निर्धास्त आडवी झाली.

उठून पाहते तर सर्व्हर बंद, यूपीएसही बंद. दोन्ही चालू केले. बॅटरी जवळजवळ भरलेली होती, पण सर्व्हर 'डिस्क वाचता येत नाही' एवढंच सांगत राहिला. बॅटरी असताना यूपीएस असा मधेच बंद पडलाच कसा?

सासूबाई दारातून डोकावल्या. "उठलीस? अगं, मघाशी वीज गेली आणि तो डबा असा केकाटायला लागला! म्हटलं, किती दिवसांनी पोरीचा डोळा लागलाय. त्याचे सगळे दिवे विझेपर्यंत बटण दाबून धरलं, तेव्हा कुठे गप्प बसला मेला."

मग तिच्या चेहऱ्याकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "झाली ना गं झोप?"

तिने संगणकाच्या पडद्याकडे पाठ केली.

"झाली, आई."